इंग्रजी अर्जातलं 'सर्टिफिकेट'

नोकरीसाठी आलेले इंग्रजी अर्ज चाळायला बसलं की एक वाक्य हमखास भेटतं: 'आय हॅव डन सर्टिफिकेट ऑफ टॅली.' लिहिणाऱ्याने हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकून घेतलंय, परीक्षा दिलीय, कागदही हातात आहे. तरी वाचणाऱ्याला नक्की असं काहीच कळत नाही. कोर्स पूर्ण झाला का? परीक्षा होती का? सर्टिफिकेट दिलं कोणी आणि कधी? मेहनत खरी असते आणि ती सांगणारं वाक्य कच्चं निघतं, याचं मला फार वाईट वाटतं. कारण हा दोष काढायला व्याकरणाचं जाडजूड पुस्तक लागत नाही. 'सर्टिफिकेट' या शब्दाच्या मागेपुढे काय यायला हवं, तेवढं सांभाळलं तरी अर्जाला वजन येतं.

ही गडबड आपल्या बोलण्यातून येते. आपण 'टायपिंगचं सर्टिफिकेट केलं' म्हणतो, 'उत्पन्नाचा दाखला काढला' म्हणतो, आणि मराठीत ते चोख आहे. इंग्रजीत मात्र सर्टिफिकेट म्हणजे कागद, आणि कागद 'करता' येत नाही. करतो तो कोर्स, त्याला 'कम्प्लीटेड'. परीक्षा दिली तर 'टुक', उत्तीर्ण झालो तर 'पास्ड'. कागद हातात आला तर 'रिसीव्ह्ड'. अर्ज, खेटे, कागदपत्रं असं सगळं करून मिळवला तर 'ऑब्टेन्ड'. आणि तो आज आपल्यापाशी आहे, त्याच्या आधारावर आपण पात्र आहोत, असं सांगायचं असेल तेव्हा 'होल्ड'. आता वरचं वाक्य असं लिहून बघा: 'आय कम्प्लीटेड अ थ्री-मंथ कोर्स इन टॅली अँड रिसीव्ह्ड अ सर्टिफिकेट इन जून 2023.' पुढे संस्थेचं नाव जोडलं की वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न उरत नाही.

'दाखला काढला' याचं 'आय टुक आउट माय इन्कम सर्टिफिकेट' केलं, तर इंग्रजी वाचकाला पिशवीतून कागद बाहेर काढणारा माणूस दिसेल. तिथे हवं 'आय ऑब्टेन्ड ॲन इन्कम सर्टिफिकेट फ्रॉम द तहसीलदार्स ऑफिस.' देणाऱ्याच्या बाजूने बोलायचं तर क्रियापद बदलतं. तहसील कार्यालय, ग्रामपंचायत, महापालिका दाखला 'इश्यू' करतात. शिक्षणाचं किंवा गुणवत्तेचं सर्टिफिकेट 'अवॉर्ड' होतं, आणि विद्यापीठाची पदवी 'कन्फर' होते. दाखल्याला 'अवॉर्डेड' लावलं की रहिवासाचा पुरावा बक्षीस मिळाल्यासारखा वाटतो, म्हणून तिथे 'इश्यूड'च ठेवा. 'द सर्टिफिकेट वॉज इश्यूड बाय द तहसीलदार ऑन 12 जून 2024' हा साचा पाठ करून ठेवण्यासारखा आहे. कोणी दिला आणि कधी दिला, दोन्ही त्यात येतं.

भरतीच्या जाहिरातींत आणखी एक क्रियापद येतं आणि ते पुष्कळांना चकवतं: 'कँडिडेट्स मस्ट प्रोड्यूस द ओरिजिनल सर्टिफिकेट्स ॲट द टाइम ऑफ डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन.' इथे 'प्रोड्यूस' म्हणजे तयार करणं नव्हे. मूळ कागद समोर ठेवून दाखवायचा आणि परत घ्यायचा. 'सबमिट' म्हटलं असेल तर तो कार्यालयात जमा करायचा. मूळ गुणपत्रिका जमा करून रिकाम्या हाताने परतण्याआधी जाहिरातीत या दोनांपैकी कोणता शब्द आहे, ते नीट वाचावं. आपल्या पत्रात कागद सोबत पाठवत असाल तर पाकिटासाठी 'एन्क्लोज्ड' आणि ईमेलसाठी 'अटॅच्ड'. 'आय ॲम गिव्हिंग माय सर्टिफिकेट' असं कुठेच लिहू नये. दाखवायला देताय की कायमचा देताय, हे त्यातून कळत नाही.

क्रियापदानंतर घोळ होतो तो त्या बारक्या शब्दांचा, 'ऑफ', 'इन', 'फॉर', 'फ्रॉम' यांचा. मराठीत 'चं' आणि 'चा' यांनी सगळं भागतं: जन्माचा दाखला, टायपिंगचं सर्टिफिकेट, शाळेचा दाखला. त्यामुळे इंग्रजी लिहितानाही सगळीकडे 'ऑफ' टाकायची सवय लागते. 'ऑफ' लावायचं ते सर्टिफिकेट कोणत्या प्रकारचं आहे ते सांगायला: सर्टिफिकेट ऑफ मेरिट, सर्टिफिकेट ऑफ कम्प्लीशन, सर्टिफिकेट ऑफ रजिस्ट्रेशन. विषय सांगायचा तर 'इन': अ सर्टिफिकेट इन फूड प्रोसेसिंग, अ सर्टिफिकेट इन जर्मन. आपल्याकडच्या एमएस-सीआयटीच्या नावातच हे बरोबर बसवलेलं आहे, 'महाराष्ट्र स्टेट सर्टिफिकेट इन इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी'. ते आठवलं की विषयापुढे 'इन' आपोआप येईल. कशाबद्दल मिळालं ते 'फॉर' ने: 'अ सर्टिफिकेट फॉर हंड्रेड पर्सेंट अटेंडन्स'. देणारी संस्था 'फ्रॉम' ने. चारही एका वाक्यात क्वचितच लागतात, पण 'इन' आणि 'फ्रॉम' ही जोडी बायोडेटात जवळपास प्रत्येक ओळीत लागते. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचा वेग मागतात, तिथे असं लिहावं: 'आय होल्ड अ गव्हर्न्मेंट सर्टिफिकेट इन इंग्लिश टायपिंग ॲट 40 वर्ड्स पर मिनिट.'

यांतल्या बऱ्याच वाक्यांत शब्दाआधी 'अ' आहे, तो गाळू नका. मराठीला त्याची गरज नसते म्हणून आपला हात तिथे थांबत नाही, पण सर्टिफिकेट मोजता येणारी वस्तू आहे. एक असेल तर 'अ', आधी उल्लेख झालेला असेल तर 'द', आपला असेल तर 'माय', अनेक असतील तर 'सर्टिफिकेट्स'. नुसतं 'आय हॅव सर्टिफिकेट' कधीच नाही.

आता दोन सख्खे शब्द. 'सर्टिफिकेट' हा कागद आणि 'सर्टिफिकेशन' ही तो मिळण्यामागची तपासणीची प्रक्रिया, किंवा तिच्यातून मिळालेली पात्रता. 'द कंपनी इज सीकिंग सर्टिफिकेशन' म्हणजे कंपनी तपासणीला सामोरी जातेय. सिनेमाच्या मंडळाचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. 1983 पासून त्याच्या नावात 'सेन्सॉर' नसून 'फिल्म सर्टिफिकेशन' आहे, कारण मंडळाचं काम चित्रपट पाहून त्याचा वर्ग ठरवणं. ते झाल्यावर निर्मात्याच्या हातात पडतं ते सर्टिफिकेट. बोलताना 'सर्टिफिकेट'चा जोर 'टि'वर येतो आणि शेवट तुटक होतो, तर 'सर्टिफिकेशन'मध्ये जोर 'के'वर. मुलाखतीत हे दोन शब्द हमखास तोंडी येतात, तेव्हा घरी मोठ्याने म्हणून बघावेत.

'सर्टिफाइड' मात्र जपून वापरावा. दोन दिवसांच्या कार्यशाळेला बसलो आणि हजेरीचा कागद मिळाला, म्हणून 'आय ॲम अ सर्टिफाइड ट्रेनर' लिहिणं चूक आहे. भाषेच्या चुकीपेक्षा खरेपणाची चूक जास्त मोठी, आणि मुलाखतीत ती दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते. पार्टिसिपेशनचं सर्टिफिकेट म्हणजे तुम्ही हजर होता. कम्प्लीशनचं म्हणजे अभ्यासक्रम पुरा केला. मेरिटचं किंवा प्रोफिशिअन्सीचं म्हणजे कोणीतरी तुमची पारख केली. एनपीटीईएलच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांना प्रवेश मोफत असतो, पण सर्टिफिकेट हवं असेल तर शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. नुसती व्याख्यानं ऐकली असतील तर 'आय ऑडिटेड द कोर्स' किंवा 'आय फॉलोड द लेक्चर्स' लिहा. परीक्षा दिली असेल तरच सर्टिफिकेटचा उल्लेख करा. अजून शिकत असाल तर 'आय ॲम पर्सूइंग अ सर्टिफिकेट कोर्स इन…' असं लिहावं, आणि निकाल लागायचा असेल तर 'रिझल्ट अवेटेड' असं सरळ म्हणावं. त्यात कमीपणा नाही. ज्याने परीक्षा दिलेली आहे त्याच्या बाजूने हे दोन शब्द उलट बोलतात.

शाळा-कॉलेजचे कागद हा आपल्याकडचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग. दहावीच्या परीक्षेचं नावच सेकंडरी स्कूल सर्टिफिकेट, बारावीचं हायर सेकंडरी सर्टिफिकेट. म्हणजे 'सर्टिफिकेट' इथे परीक्षा आहे आणि ती उत्तीर्ण झाल्यावर मिळणारा कागदही. महाराष्ट्रात दहावीची एसएससी 1975 पासून. त्याआधी एसएससी म्हणजे जुनी अकरावी. आजोबांच्या पेन्शनच्या किंवा वारसाच्या कागदांत एसएससी दिसली तर वर्ष बघूनच इयत्ता ठरवावी, आणि इंग्रजीत लिहिताना 'एसएससी (एलेव्हन्थ स्टँडर्ड, ओल्ड पॅटर्न)' असा खुलासा करावा. परदेशी विद्यापीठाला लिहिताना नुसतं एचएससी पुरत नाही. 'द हायर सेकंडरी सर्टिफिकेट एक्झामिनेशन, टेकन ॲट द एंड ऑफ ट्वेल्व्ह इयर्स ऑफ स्कूलिंग' एवढं लिहिलं की तिथल्या अधिकाऱ्याला हिशेब लागतो.

'लिव्हिंग सर्टिफिकेट' तर परदेशात सरळ दिशाभूल करू शकतं. आपल्याकडे एलसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला: नाव, जन्मतारीख, कधी आला, कधी गेला, वर्तन कसं. आयर्लंडमध्ये 'लिव्हिंग सर्टिफिकेट' हे शालान्त परीक्षेचंच नाव आहे. डब्लिनच्या विद्यापीठाला 'आय हॅव अ लिव्हिंग सर्टिफिकेट' असं लिहिलंत तर त्यांना वाटेल, तुम्ही त्यांची परीक्षा दिलीय. तिथे लिहावं: 'अ स्कूल-लिव्हिंग डॉक्युमेंट इश्यूड बाय माय स्कूल इन इंडिया, शोइंग माय डेट ऑफ बर्थ अँड डेट्स ऑफ अटेंडन्स.' लांबलचक आहे खरं, पण परत ईमेल येणार नाही.

बोनाफाईडचा अर्ज जवळून बघू. कॉलेजच्या खिडकीवर तो बहुतेक असा येतो: 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम नीडिंग बोनाफाईड. काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.' यात तीन गोष्टी अडतात. 'नीड'ला 'आयएनजी' लागत नाही, 'आय नीड' पुरे. 'बोनाफाईड' हे विशेषण आहे, त्याच्यापुढे सर्टिफिकेट लिहायलाच हवं. आणि 'डू द नीडफुल' म्हणजे नेमकं काय करायचं, ते क्लार्कने ओळखायचं? आता हाच अर्ज: 'आय ॲम अ सेकंड-इयर बी.कॉम. स्टुडंट, रोल नंबर 47. आय रिक्वेस्ट यू टू इश्यू मी अ बोनाफाईड सर्टिफिकेट फॉर द अकॅडेमिक इयर 2025-26. आय नीड इट टू अप्लाय फॉर अ स्कॉलरशिप. द लास्ट डेट इज 15 ऑक्टोबर.' शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगी. 'ॲट द अर्लिएस्ट' वाचून कोणी घाई करत नाही, तारीख वाचून करतं. परदेशी दूतावासाला किंवा बँकेला हाच कागद हवा असेल तर 'बोनाफाईड' शब्दच टाळा. 'अ लेटर कन्फर्मिंग माय एनरोलमेंट' म्हणा.

दाखला लिहून देणाऱ्यांनाही दोन शब्द सांगायचे आहेत: मुख्याध्यापक, सोसायटीचे सचिव, लहान कंपनीचे मालक. 'धिस इज टू सर्टिफाय दॅट' या सुरुवातीत गैर काही नाही, पण 'दॅट'नंतर पूर्ण वाक्य यायला हवं. 'दॅट मिस्टर अमुक वर्किंग इन अवर फर्म' यात क्रियापद अर्धं राहिलं. अजून कामावर असेल तर 'हॅज बीन वर्किंग इन अवर फर्म सिन्स मार्च 2022', सोडून गेला असेल तर 'वर्क्ड इन अवर फर्म फ्रॉम मार्च 2022 टू मे 2025'. 'सिन्स थ्री इयर्स' ही आपली नेहमीची चूक. वर्षांची संख्या असेल तर 'फॉर', सुरुवातीची तारीख असेल तर 'सिन्स'. आणि आपल्या दप्तरात आहे तेवढंच लिहावं. हजेरी, पद, तारखा यांची नोंद असते, त्या ठामपणे लिहा. वर्तनाबद्दल लिहायचं तर 'टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज' हे शब्द हवेत, कारण तिथे तुम्ही नोंद सांगत नाही, मत देता. त्या माणसाची पुढची नोकरी कदाचित तुमच्या तीन ओळींवर ठरणार असते.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकासाठी लिहिताना एक शब्द विशेष जपावा: 'व्हॅलिडिटी'. आपल्याकडे 'व्हॅलिडिटी आली का?' म्हणजे जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र आलं का. जातीचा दाखला एका अधिकाऱ्याकडून आणि त्याची पडताळणी समितीकडून, अशी दोन टप्प्यांची पद्धत इथे 2001 च्या कायद्याने बसलेली आहे, त्यामुळे इथल्या कार्यालयात हा शब्द सगळ्यांना कळतो. दिल्लीतल्या किंवा बंगळुरूतल्या माणसाला 'व्हॅलिडिटी' म्हणजे फक्त मुदत. म्हणून त्याला लिहिताना पूर्ण लिहा: 'माय कास्ट सर्टिफिकेट हॅज बीन व्हेरिफाइड बाय द डिस्ट्रिक्ट कास्ट सर्टिफिकेट स्क्रूटिनी कमिटी. द व्हॅलिडिटी सर्टिफिकेट इज एन्क्लोज्ड.' आणि मुदत सांगायची असेल, जशी नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यावर छापलेली असते, तर 'द सर्टिफिकेट इज व्हॅलिड अप टू 31 मार्च 2027' असं तारखेसकट.

घर घेणाऱ्यांच्या बाबतीत तर आद्याक्षरांनी पैशांचं नुकसान होऊ शकतं. बिल्डर 'सीसी मिळालंय' म्हणतो. सीसी म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, कमेन्समेंट सर्टिफिकेट. आणि सीसी म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचं, कम्प्लीशन सर्टिफिकेटही. दोघांमध्ये अख्खी इमारत उभी राहते. राहायला जाण्याची परवानगी यांच्याहून वेगळी, ती ऑक्युपन्सी सर्टिफिकेटने, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राने मिळते. बिल्डरला ईमेल करताना आद्याक्षरं अजिबात वापरू नका. 'हॅज द ऑक्युपन्सी सर्टिफिकेट बीन इश्यूड? इफ सो, प्लीज सेंड मी अ कॉपी' असं विचारा, म्हणजे उत्तर 'हो' किंवा 'नाही' यांपैकी एक द्यावं लागेल, आणि ते लेखी राहील.

लायसन्स आणि सर्टिफिकेट यांची सरमिसळ सोडवणं मात्र सोपं आहे. एखादी गोष्ट करायची परवानगी म्हणजे लायसन्स, एखादी गोष्ट खरी असल्याचा लेखी पुरावा म्हणजे सर्टिफिकेट. गाडी चालवायला लायसन्स, गाडीचा धूर मर्यादेत असल्याचं पीयूसी सर्टिफिकेट. 'लायसन्स'च्या स्पेलिंगमध्ये नाम असेल तर शेवटी 'सीई' आणि क्रियापद असेल तर 'एसई', ही ब्रिटिश पद्धत आपल्या मोटार वाहन कायद्यातही आहे. अमेरिकेत दोन्हीकडे 'एसई'.

पेन्शनधारकांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून तो 'जीवन प्रमाण'द्वारे ऑनलाइनही देता येतो. मुलगा परदेशात आणि आईचा बँकेशी पत्रव्यवहार तो करतोय, अशा घरांत हे वाक्य उपयोगी पडेल: 'माय मदर सबमिटेड हर डिजिटल लाइफ सर्टिफिकेट ऑन 5 नोव्हेंबर. प्लीज कन्फर्म दॅट इट हॅज बीन रेकॉर्डेड.' दाखला दिला म्हणून निश्चिंत होऊ नये, बँकेने नोंद केली का ते विचारावं.

प्रतींबद्दल थोडं. 'झेरॉक्स' हा शब्द इथे चालतो, बाहेर 'फोटोकॉपी' लिहावं. स्वतः सही करून दिलेली प्रत 'सेल्फ-अटेस्टेड कॉपी', मूळ नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाने शिक्का मारून दिलेली 'सर्टिफाइड कॉपी'. या दोन्ही एकमेकींच्या जागी चालत नाहीत. परदेशासाठी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का घ्यावा लागतो, तेव्हा 'माय डिग्री सर्टिफिकेट हॅज बीन अपोस्टिल्ड बाय द मिनिस्ट्री ऑफ एक्स्टर्नल अफेअर्स' असं लिहितात. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात 2005 पासून आहे. जे देश करारात नाहीत, त्यांच्यासाठी दूतावासाकडून 'अटेस्टेशन' करून घ्यावं लागतं. तिथे 'अपोस्टिल्ड' लिहिलं तर अर्ज चुकीच्या टेबलावर जातो.

आणि नावं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांचे शिक्षणाचे सगळे कागद माहेरच्या नावाने असतात, पासपोर्ट सासरच्या. दहावीच्या कागदावर आडनाव आधी, वडिलांचं नाव शेवटी. पासपोर्टवर क्रम वेगळा. हा फरक तपासणाऱ्याच्या लक्षात येणारच, तेव्हा तो आपणच पत्राच्या पहिल्या परिच्छेदात सांगावा: 'माय एज्युकेशनल सर्टिफिकेट्स आर इन माय मेडन नेम. माय पासपोर्ट इज इन माय मॅरीड नेम. अ कॉपी ऑफ माय मॅरेज सर्टिफिकेट इज अटॅच्ड ॲज प्रूफ दॅट बोथ नेम्स रेफर टू द सेम पर्सन.' राजपत्रात नावबदल केला असेल तर विवाहाच्या दाखल्याच्या जागी 'द गॅझेट नोटिफिकेशन' लिहून त्याची तारीख द्यावी. दोन्ही नावं प्रत्येक कागदावर छापली आहेत तशीच, अक्षर न अक्षर, उतरवून घ्यावीत. आठवणीतून लिहू नयेत.